फोटोतल्या आजीची आमटी

आमच्या सासूबाईंनी जन्मात कुणाच्या वस्तूला हात लावला नाही. पण गेल्या महिन्यात, भर दुपारी, माणसांनी भरलेल्या हॉटेलात स्टुलावर चढून त्यांनी भिंतीवरचा स्वतःचाच फोटो उतरवला. ओळखीचे लोक म्हणतात, म्हातारीचं डोकं फिरलं. मी सून आहे, सासूची बाजू घ्यायची मला खोड नाही. तरी सांगते, डोकं फिरलं असेल तर त्या हॉटेलवाल्याचं.

मामंजी गेल्यावर नवऱ्याने त्यांना इकडे परदेशात आणलं, आमच्या लेकीला सांभाळायला. लेक शाळेत जायला लागली तशा त्या घरात एकट्या पडल्या. कोपऱ्यावर भारतीय जेवणाचं हॉटेल होतं, मालक आपल्याकडचाच. त्याला स्वयंपाकाला बाई हवी होती. सासूबाई हरखल्या. जन्मभर घरच्यांसाठी रांधलं, आता चार परक्यांना खाऊ घालू, म्हणाल्या.

पहिल्याच दिवशी तोंड एवढंसं करून परत आल्या. तिथे म्हणे एकच पातेलं होतं, आंघोळीच्या बंबाएवढं. कांदा, टोमॅटो, काजू, क्रीम आणि वर साखर, असं सगळं सकाळीच शिजवून ठेवलेलं. त्यात पालक टाकला की एक भाजी, वाटाणा टाकला की दुसरी, शिजलेली डाळ टाकली की झाली आमटी. फोडणीला तर बंदीच. छताला धुराची घंटा आणि वरच्या मजल्यावर वासाची तक्रार करणारे भाडेकरू, त्यामुळे मोहरी तडतडली की मालक लगेच गॅस बंद करणार. फोडणी नाही तर आमटी कसली, असं सासूबाईंनी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "मावशी, इकडच्यांना अशीच आवडते."

आवडते तर आवडो. त्यांची जीभ, त्यांचं पोट. मुलूख बदलला की पदार्थ थोडाफार बदलणारच. चिंच मिळाली नाही तर मीही लिंबू पिळते, त्याचं मला काही नाही. पण या पठ्ठ्याने एक दिवस सासूबाईंना काठापदराची साडी नेसून यायला सांगितलं, फोटो काढला आणि आतल्या भिंतीवर, रस्त्यावरूनही दिसेल असा, भला मोठा लावला. खाली अक्षरं, ‘आजीच्या हातची आमटी’. ज्या आमटीत त्यांना चिमूटभर मोहरी घालू दिली नाही, ती म्हणे त्यांच्या हातची. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. भांडायला निघाले तर त्यांनीच मला अडवलं. तिथे जीव रमतो, जाऊ दे, म्हणाल्या.

शाळा सुटली की लेक हॉटेलात आजीजवळ बसायची आणि तिथलंच जेवायची. आम्ही दोघं कामावरून दमून येणार, त्यामुळे ती जेवलेली असते याचं बरंच वाटायचं.

एका सुटीला सासूबाईंनी घरी साग्रसंगीत आमटी केली. तुरीची डाळ घोटली, चिंच, गूळ, गोडा मसाला घातला. खिडक्या सताड उघडल्या, नवऱ्याला घरातल्या धुराच्या घंटेखाली पुठ्ठा हलवत उभं केलं आणि हिंग-मोहरी-कढीपत्त्याची चरचरीत फोडणी दिली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते धुराने नव्हतं. लेकीने एक घास घेतला आणि ताट सरकवलं.

"आजी, तू यात क्रीम घालायला विसरलीस. ही तुझी आमटी नाही. तुझी तर फोटोतली असते."

 सासूबाईंनी तिचं ताट उचललं आणि त्या स्वतःही न जेवता उठल्या. मी मात्र संतापले. पोरीवर नाही, तिने जे पाहिलं ते सांगितलं. त्या माणसाने आमच्या घरातली आजी उचलून नेली होती आणि आम्ही शेजारीच बसून होतो.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून त्यांच्याबरोबर गेले. त्यांनी मालकाला शांतपणे सांगितलं, डाळीला फोडणी पडेल, नाहीतर फोटो खाली येईल. तो हसला. त्यांनी स्टूल ओढलं. फोटो हातात आल्यावर मात्र तो धावत आला.

"मावशी, फोटो गेला तर आमटी कोण मागवेल?"

"मग फोटोच वाढत जा," त्या म्हणाल्या. "त्यालाही फोडणी लागत नाही."

अॅप्रन तिथेच ठेवून त्या घरी आल्या. आता आमच्याकडे रोज पुठ्ठा हलतो. लेक अजून नाक मुरडते, चार घास खाते आणि गूळ वाढवून मागते. तेवढा लाड त्या करतात. आमटीत गूळ असतोच, फक्त तो चिंचेच्या धाकात असतो.

मालकाने आठवड्याभरात त्याच जागी दुसरा फोटो लावला. कुठलीशी म्हातारी, डोक्यावर पदर, चेहऱ्यावर हसू. खालची अक्षरं तीच. काल शाळेतून येताना लेक हॉटेलच्या काचेसमोर थांबली आणि तिने विचारलं, "आजी, ही कुणाची आजी?"

"कुणाचीच नाही," सासूबाई म्हणाल्या. "चल, डाळ शिजायची आहे."