वय तेरा, रोग काकांचा

आम्ही घर सोडलं त्या सकाळी बा बाहेर आला नाही. मागच्या पडवीतूनच म्हणाला, "मरायचंच हाय पोरीला, तर घरात मरू दे. परक्या गावात कशाला नेतीस?" हरसूलची जीप दारात सुरू होती आणि माझी धाकटी बहीण सुगंधा माझ्या शेजारी बसून हे ऐकत होती. त्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही. पण ते बाच्या तोंडात मीच घातलं होतं. गावाकडच्यांना आणि माझ्यासारखं शिकून बाहेर पडलेल्यांना आज तेच सांगायचं आहे.

आमच्या घरात पहिली पदवी माझी. शाळेतल्या सरांनी हट्टाने मला विज्ञानाला घातलं, त्यांचे उपकार फिटणार नाहीत. नाशिकला बी.एस्सी. करून मी औषध कंपनीच्या लॅबमध्ये लागले. तेव्हापासून गावात कुणाचाही रिपोर्ट आला की त्याचा फोटो माझ्या मोबाईलवर यायचा. मी शिकले रसायनशास्त्र, पण मान मिळत होता, म्हणून प्रत्येक रिपोर्टवर काहीतरी बोलायचेच.

शाळा उघडल्यावर कबड्डीत सुगंधाच्या पोटाला कुणाचा तरी गुडघा लागला. दुखणं थांबेना म्हणून सोनोग्राफी केली. डॉक्टरांनी लिहून दिलं, स्वादुपिंडात गाठ आहे, मोठ्या रुग्णालयात दाखवा. स्वादुपिंड म्हणजे जठरामागची, पाचक रस बनवणारी ग्रंथी. दोनच वर्षांपूर्वी आमचे काका तिथल्याच कॅन्सरने गेले होते. पिवळे पडले, अन्न सुटलं, बघता बघता संपले. सुगंधाच्या रिपोर्टचा फोटो आला, तसं मी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये बसून मोबाईलवर वाचलं. जे सापडलं ते सगळं काकांच्या वयाच्या माणसांबद्दल होतं. तसाच बाला फोन लावला. "बा, काकांचाच आजार हाय. काय उपेग नाय."

चार महिने तिला कुणी कुठे नेलं नाही. मीही गेले नाही, मला बघवणार नव्हतं. आमच्याकडे आता जगणार नाही अशा माणसाला त्याच्या आवडीचं खाऊ घालायला नातलग येतात. तसे ते आले. कुणी कोंबडीचं कालवण आणलं, कुणी गूळ घालून खीर. चेहरे पाडून ओट्यावर बसायचे, आणि सुगंधा सगळं फस्त करून खेळायला पळायची. काकांना शेवटी पेजेचे दोन घोट जात नव्हते. मरणारं पोर एवढं जेवतं कसं, असं अख्ख्या पाड्यात एकानेही विचारलं नाही.

दिवाळीत मी घरी गेले तेव्हा तिनेच विचारलं, "ताय, समदे मलाच का खाऊ आणतात? तू तर शिकलेली हायस."

दुसऱ्या दिवशी मी जीप बोलावली.

नाशिकच्या सर्जन बाईंनी रिपोर्ट हातात घेतला आणि आधी वय विचारलं. म्हणाल्या, "जागा एक म्हणून रोग एक होत नाही. मोठ्यांना तिथे जो कॅन्सर होतो, तो मुलांत फार क्वचित दिसतो. हिची गाठ वेगळ्या जातीची वाटते, वयात येणाऱ्या मुलींत आढळणारी. पूर्ण निघाली तर बहुतेक मुली बऱ्या होतात." मग विचारलं, "चार महिने घरी कशाला ठेवलीत?" त्यांना वाटलं आम्ही अडाणी. मी पदवीधर आहे, हे मी सांगितलं नाही.

गाठ निघाली. त्यांचा अंदाज खरा ठरला. पण गाठ वाढून प्लीहेच्या रक्तवाहिनीला चिकटली होती, म्हणून प्लीहाही काढावी लागली. सुगंधाला आधी आणलं असतं तर प्लीहा कदाचित वाचली असती. जंतूंशी लढणारा तो अवयवच आता उरला नाही, त्यामुळे सुगंधाला साधा ताप आला तरी लगेच मोठं हॉस्पिटल गाठावं लागतं. आमच्या पाड्यावरून पावसाळ्यात नाशिक सोडाच, जवळचं हरसूल गाठायलाच अर्धा दिवस जातो.

म्हणून आम्ही दोघी नाशिकला द्वारका सर्कलजवळ एका खोलीत राहतो. दिवसभर हॉर्न. भिंतीवर तिच्या लसींचं कार्ड, खिडकीत थर्मामीटर. सुगंधा आता शाळेतल्या बाईंना 'मॅम' म्हणते, ट्यूशनला जाते, आणि नागलीची भाकरी गॅसवर तशी होत नाही म्हणून माझ्याशी भांडते.

गाव म्हणतं, शिकली आणि बापाला विसरली. हेच गाव जिवंत पोरीला निरोपाचं जेवण वाढत होतं, आणि ते वाढायला मीच फोनवरून सांगितल्यासारखं झालं होतं. कुणावर जास्त चिडू, ते मला अजून ठरवता येत नाही.

बा दर आठवड्याला म्हणतो, "बरी झाली ना? आण आता घरी. लय दिस झाले." गेल्या रविवारी मी सरळ सांगितलं, "तिचं घर मी त्या फोननं मोडलं, बा, आणि तवा तू मला एका शब्दानं अडवलं नाय. आता ताप आल्यावर जिथून डॉक्टर गाठता येतो, तेच तिचं घर. पोर पाहिजे तर तू इकडं ये."

बा हळूच म्हणाला, "नाशकात बैल कुठं बांधू?"

मी म्हणाले, "विक."