न दाबलेलं बटण

पट्टा तिच्या कपाळावर बांधलेला, डोळे मिटलेले, आणि ती हसून म्हणाली, "आई, मुंग्या येतायत. आता उतरेल दुखणं." मशीनची डबी तिच्या पाठीमागे, माझ्या मांडीवर होती. बटण मी दाबलंच नव्हतं.

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मुलालाही नाही. तुम्हाला सांगतेय.

रोहिणी माझी सून. तिच्या आतड्याला सूज, कित्येक वर्षांची. संडासातून रक्त जायचं. औषधाने सूज कमी व्हायची, कळा राहायच्या. म्हणून ठाण्याच्या डॉक्टरांनी हे मशीन घरी दिलं — मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज डोक्याला लावायचे, वीस मिनिटं बारीक करंट. दुखणं मेंदूला कळतं, तर मेंदूलाच शांत करायचं, म्हणाले. पण पोट फुगलं, ताप आला तर लगेच घेऊन या, हेही म्हणाले. मी ऐकलं होतं.

मला तिचं दुखणं खरं वाटायचं नाही. तुझं पोट घड्याळ बघून दुखतं, म्हणायचे मी. आमच्या गावी एखादीच्या अंगात आलं की म्हाताऱ्या देवळातल्या अंगाऱ्याऐवजी चुलीतली राख लावायच्या. शांत झाली, तर ढोंग. मी तेच केलं. आठ दिवस बटण दाबलं नाही. आणि आठही दिवस त्या बंद मशीनखाली तिचा चेहरा हळूहळू सैल पडत गेला. ठाकुर्लीच्या आमच्या खोलीत, भर दुपारी, माझ्या अंगावर काटा यायचा. कोण उतरवत होतं तिचं दुखणं? हा प्रश्न मी मनात टिकू दिला नाही. तिला ढोंगी ठरवून मोकळी झाले.

नवव्या दिवशी दुपारी ती ओट्याशी वाकली. अंग तापलेलं, पोट टणक फुगलेलं. ह्यांना फोन करा, म्हणाली. मी म्हटलं, आधी कणीक मळ. फोन माझ्या हाताशी होता. तिने कणीक मळली. मग खाली बसली ती उठली नाही. मुलगा कामावरून येईपर्यंत चार तास — मी काय करत होते? टीव्ही बघत होते? नाही. टीव्ही बंद होता. मी तिच्याकडेच बघत होते. नाटक कधी थांबतं ते बघत होते.

आतडं फुटलं होतं.

ऑपरेशननंतर मी डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं — मशीन बंद असूनही एखादीला बरं वाटलं तर?

"वाटतं, आजी," ते म्हणाले. "म्हणून दुखणं खोटं नसतं. उतारही खोटा नसतो."

का विचारता, असं त्यांनी विचारलं नाही.

कळा अजून येतात. पट्टा मीच बांधते, बटण दाबते. तिला दुसऱ्या कुणाचा हात चालत नाही. आईंचा हात हलका आहे, असं शेजारणीला सांगते.

मोठं आतडं काढून टाकलं. पोटावर संडासाची पिशवी आहे. रोहिणी वाचली.