भागीरथाबाईंची जांभळी पानं

भागीरथाबाई गजभिये हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते एस.टी.च्या कंडक्टरकडून. साल १९७७. मी नागपूरचा, महालात वाढलेला, वडील कचेरीत कारकून. जिल्हा परिषदेत नोकरी लागली आणि कुहीपासून आत पाच मैलांवरच्या एका खेड्यात शिक्षक म्हणून गेलो. एक खोली, चार वर्ग, बेचाळीस मुलं आणि मी एकटा. चौथीला भागाकार सांगावा तर पहिली रडायची, पहिलीला पाटीवर ‘ग’ काढून द्यावा तर तिसरी खिडकीतून बाहेर उड्या मारायची. महिन्याभरात माझा आवाज बसला.

शनिवारी नागपूरला निघालो होतो. रामाजी कंडक्टरनं मी घोगऱ्या आवाजात तिकीट मागितलेलं ऐकलं आणि तो हसला.

“गुरुजी, एकट्याची शाळा असन तुमची. थांबा, बाईचा गठ्ठा देतो तुमाले.”

ड्रायव्हरच्या मागच्या पेटीतून त्यानं सुतळीनं बांधलेले कागद काढले. जांभळ्या शाईतलं गोल, टपोरं, कडेला जरा फुटलेलं अक्षर. वर लिहिलं होतं : ‘ज्या गुरुजींना आणि बाईंना हवं त्यांनी घ्यावं. पैसे नाहीत. एक पान घेतलं की स्वतःचं एक पान लिहून पाठवावं.’ खाली पत्ता, इंदोरा, नागपूर.

बसमध्येच मी ती वाचली. प्रत्येक पानावर एक काम, आणि ते मुलांनी शिक्षकाशिवाय करायचं. एकावर होतं : ‘आवारातून दहा पानं गोळा करा. लहानापासून मोठ्यापर्यंत लावा. मोठं कशावरून ठरवलं? लांबीवरून की रुंदीवरून? भांडू नका, मोजा.’ भाषेच्या पानावर : ‘पुस्तक पेरू म्हणतं, आजी जाम म्हणते. पुस्तक कोथिंबीर म्हणतं, आजी सांभार म्हणते. असे आणखी दहा शब्द घरून आणा. दोन्ही बरोबर आहेत.’ इतिहासाच्या : ‘गावातली सगळ्यात जुनी विहीर कोणती? तिघांना विचारा. उत्तरं वेगळी आली तर तिन्ही लिहा.’ गणिताचं पान बैलबंडीच्या चाकावर होतं. चाकाला खडूनं खूण करायची, एका फेऱ्यात बंडी किती पुढे जाते ते मोजायचं, आणि शाळेपासून नाल्यापर्यंत किती फेरे होतील ते आधी सांगायचं.

सोमवारी मी तिसरी-चौथीला बंडीमागे पाठवलं आणि महिन्याभरानंतर पहिल्यांदा पहिलीच्या मुलांजवळ शांतपणे बसलो.

पुढे ओळख झाली तेव्हा कळलं, की ही पानं माझ्यासारख्याच खोलीत जन्मली होती. भागीरथाबाईंचे वडील धोंडबा गिरणीत कामाला. छप्पन साली नागपुरात धम्मदीक्षा झाली त्या गर्दीत अठरा वर्षांची भागीरथाही पांढरं लुगडं नेसून होती. त्यानंतर दोन वर्षांत ती नॉर्मल स्कूलमधून मास्तरीण होऊन बाहेर पडली. पहिली नेमणूक कुहीकडेच, धानाच्या बांध्यांतल्या गावात. तिथं राहायला खोली मिळायला तीन आठवडे लागले. कोणी नाही म्हणायचं नाही, फक्त प्रत्येकाच्या घरी नेमके त्याच दिवशी पाहुणे यायचे. तोवर त्या शाळेतच निजल्या. “शाळा माही, मंग घर कोणाचं मागू?” असं त्या सांगायच्या, आणि सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नसायची. चार वर्ग एकटीनं सांभाळताना जुन्या पोस्टरांच्या पाठीवर त्यांनी कामं लिहायला सुरुवात केली. दुसऱ्या शाळेतल्या बाईंनी मागितली, मग तिसऱ्या. हातानं उतरवून उतरवून बोटाला घट्टा पडला.

तो घट्टा पाहून त्यांच्या नवऱ्यानं, दादाजींनी, जेलीची पाटी बनवली. दादाजी हिंगण्याच्या कारखान्यात फिटर. सरस आणि ग्लिसरीन एकत्र उकळून त्यांनी घरातल्या परातीत ओतलं. थिजल्यावर त्यावर जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीनं लिहिलेला कागद दाबायचा, उचलायचा, मग कोरे कागद एकेक ठेवून हात फिरवायचा. एका कागदावरून पंचवीस-तीस प्रती निघत. “माह्या लग्नातली परात होती वं ती,” असं दादाजी दर रविवारी एकदा म्हणत आणि पुढचा कागद ठेवत. तोवर बाईंची बदली कोराडी रस्त्यावरच्या शाळेत झाली होती. वीजकेंद्राच्या वसाहतीतली, साऱ्या मुलखातून आलेली मुलं वर्गात. पण गठ्ठे सुटायचे ते सगळ्या जिल्ह्यासाठी, कंडक्टरांच्या हातानं.

आता सावलीच्या पानाची गोष्ट.

अठ्ठ्याहत्तरच्या फेब्रुवारीत हे पान आलं. ‘मैदानात पुरुषभर उंचीचा बांबू सरळ रोवा. अकरापासून एकपर्यंत दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडा ठेवा. सगळ्यात आखूड सावली कधी पडली?’ आणि पानाच्या मागे, शिक्षकासाठी, उत्तर : ‘बरोबर बारा वाजता.’

मी माझं घड्याळ काढून चौथीतल्या कौशल्येच्या हातात दिलं. कौशल्या अंजनाबाईची मुलगी. अंजनाबाई धानाच्या रोवणीला जायची आणि ही घरची बकरी शाळेच्या कुंपणाला बांधून वर्गात बसायची. एक वाजता तिनं येऊन सांगितलं, “गुरुजी, साडेबारा.”

“बारा,” मी म्हणालो. “पुन्हा करा.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा साडेबाराच्याच आसपास. बाराच्या खड्यापाशी सावली अजून दोन बोटं लांब होती. मी म्हटलं घड्याळ पुढे असेल. कौशल्या ग्रामपंचायतीत जाऊन रेडिओच्या वेळेशी घड्याळ लावून आली. तिसऱ्या दिवशीही तेच. मग मी माझ्या खात्रीच्या आवाजात म्हणालो, “बाईंनी पानावर लिहिलंय. वहीत बारा लिहा.”

सगळ्यांनी लिहिलं. कौशल्येनं पेन्सिल खाली ठेवली.

“पानावर लिहिलं हाये मनून सावली आयकन का, गुरुजी?”

मला राग आला, आणि रागामागे थोडी लाजही. “मग बाईंनाच विचार,” मी म्हणालो. ती म्हणाली, “लिहा मंग पत्र. मी सांगतो.” तिनं सांगितलं, मी लिहिलं. तीन दिवसांची मोजमापं, खड्यांचं चित्र, रेडिओची गोष्ट, सगळं एका कार्डात बारीक अक्षरात बसवलं. खरं सांगायचं तर मनातून मला मजाही वाटत होती. इतक्या लोकांची गुरू झालेल्या बाईंना एकदा तरी पेचात पकडलं होतं.

उत्तर आलं नाही. आठव्या दिवशी बाई स्वतः आल्या. किरकोळ रजा टाकून, सकाळच्या बसनं, वर पाच मैल पायी. हातात पिशवी आणि पिशवीत टिकटिकणारं गजराचं घड्याळ. काळ्या फ्रेमचा चष्मा, पायात साध्या चपला, चालणं भरभर.

“कौशल्या कोन तुमच्यातली?” दारातून त्यांनी विचारलं.

कौशल्या घाबरून उभी राहिली.

“चाल, दाखव मले.”

त्या उन्हात दोन तास खाली मातीत बसल्या. मुलांनी खडे ठेवले, त्यांनी फक्त पाहिलं. बारा वाजले. सवाबारा वाजले. सावली आखडतच होती. साडेबाराच्या सुमाराला थांबली आणि मग पुन्हा वाढू लागली. बाई उठल्या, लुगड्याची माती झटकली आणि बेचाळीस मुलांसमोर मोठ्यानं म्हणाल्या, “मी चुकली. पुस्तकातलं पाहून लिहिलं, मोजलं नाही. कौशल्या बरोबर हाये.”

मी तोवर कुठल्याही शिक्षकाला इतक्या सरळ आवाजात हे वाक्य म्हणताना ऐकलं नव्हतं. त्यात ओशाळलेपण नव्हतं. भाजीला मीठ कमी झालंय असं सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं.

“पन बाई, काहून?” कौशल्येनं विचारलं. “बारा वाजता काहून नाई?”

“थे मलेही ठाऊक नाही. विचारून येतो.”

त्या एका कॉलेजात जाऊन भूगोलाच्या प्राध्यापकांना भेटल्या. कारण साधं होतं. देशाचं घड्याळ अलाहाबादच्या बाजूच्या रेषेवर लावलेलं. नागपूर तिथून पश्चिमेला, म्हणून सूर्य इथं डोक्यावर यायला तेरा-चौदा मिनिटं उशीर. शिवाय सूर्याची चाल वर्षभर सारखी दिसत नाही. फेब्रुवारीत तो आणखी तेवढाच मागे पडतो. दोन्ही उशीर मिळून साडेबाराच्या आसपास.

गोष्ट इथं संपली असती. पण बाईंनी पान ज्यांना ज्यांना गेलं होतं त्या चाळीस शिक्षकांना कार्डं टाकली. ‘सावलीच्या पानावरचं उत्तर चूक आहे, ते खोडावं. चूक दाखवली : कौशल्या, इयत्ता चौथी. तुमच्या मुलांनी काय लिहिलं होतं ते कळवावं.’

छत्तीस उत्तरं आली. एकोणतीस शाळांनी पान वापरलं होतं. आणि माझ्या वर्गातली एक मुलगी सोडली तर एकोणतीसच्या एकोणतीस शाळांतल्या साऱ्या मुलांनी वहीत लिहिलं होतं, बारा.

ती कार्डं मी इंदोऱ्याला त्यांच्या घरी पाहिली. बाईंनी ती जमिनीवर ओळीनं मांडली होती. दादाजी चहा घेऊन बसले होते.

“पाहा गुरुजी,” बाई म्हणाल्या. “हजार पोट्ट्यायनं सावली पाहली. डोयानं साडेबारा पाहले आन हातानं बारा लिहले. माह्या पानानं शिकवलं त्यायले हे.”

चूक मान्य करताना त्या डगमगल्या नव्हत्या. हे मात्र त्यांना लागलं होतं. त्यांनी उठून सगळ्या मूळ प्रतींचा गठ्ठा काढला, एकशे चाळीसच्या वर पानं, आणि एकेका पानामागचं उत्तर खोडायला घेतलं. दोन रविवार लागले. दादाजींनी पुन्हा सरस उकळला.

एप्रिलात शिक्षकांची बैठक होती. गणपतराव नावाचे एक जुने मुख्याध्यापक उभे राहिले. शिस्तीचे, वह्या लाल शाईनं तपासणारे. “बाईंची पानं मीही वापरतो,” ते म्हणाले. “पण आता त्यांनी उत्तरं देणं बंद केलंय. एका चुकीपायी! उत्तरच नसेल तर आम्ही तपासायचं काय?”

बरेच जण हसले. बाई मागच्या बाकावरून उठल्या.

“पोरानं मोजलं का, थे तपासा. दोघायचं वेगळं आलं त दोघायले पुन्हा पाठवा. आन तुमालेही उत्तर ठाऊक नसन, त तुमीही जा त्यायच्या संगं.”

“आणि वरचे साहेब तपासणीला आले तर?”

“त्यायलेही पाठवा.”

या वेळी हसणारे वेगळे होते. पण चाळीसांतल्या सतरा जणांनी त्या महिन्यात कळवलं, की यापुढे गठ्ठा पाठवू नये. त्यांत गणपतरावही होते. मला वाटलं, बाई माघार घेतील, निदान शिक्षकांपुरती तरी उत्तरं देतील. मी तसं सुचवलंही. त्या म्हणाल्या, “तेवीस हायेत ना अजून? तेवीस काई कमी नाईत गा.” सीताबर्डीवरचा एक गाइडवाला प्रकाशकही त्याच सुमारास आला. पानांचं पुस्तक काढू, नाव मोठ्या अक्षरात टाकू, फक्त शेवटी उत्तरं हवीत. बाईंनी त्याला चहा दिला आणि पुस्तक उत्तरांशिवाय काढा म्हणाल्या. तो परत आला नाही.

इकडे कौशल्येनं चौथी संपल्यावरही बांबू उपटूच दिला नाही. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी माझ्या वर्गानं सावली मोजली. मे महिन्यात ती जवळजवळ बांबूच्या बुडात शिरली, तेव्हा सुट्टी असूनही सगळी शाळा पाहायला जमली. पावसाळ्यात बरेचदा आभाळानं मोजू दिलं नाही. आणि नोव्हेंबरात मुलं ओरडत आत आली, की सावली बाराच्याही आधी आखूड झाली! मी धावत बाहेर गेलो. त्या वर्षात मी जेवढा भूगोल शिकलो तेवढा सगळ्या शिक्षणात शिकलो नव्हतो. हा वर्षाचा तक्ता मी माझं परतीचं पान म्हणून इंदोऱ्याला पाठवला. वर मुलांची नावं होती.

हळूहळू पानं परत येऊ लागली, आणि आता ती निव्वळ बाईंची उरली नाहीत. हिंगण्याच्या यमुताई नावाच्या शिक्षिकेनं कारखान्यांच्या भोंग्यांवर पान लिहिलं : कुठला भोंगा आधी ऐकू येतो, कुठला उशिरा, आणि वाऱ्याच्या दिवशी काय होतं. कोराडीच्या मुलांनी कोळशाचे ट्रक तासातासानं मोजून आलेख काढले. एका शिक्षकानं खाणाखुणांच्या भाषेवर पान लिहिलं, एकानं लग्नातल्या गाण्यांवर. तेविसाचे साठ शिक्षक झाले, साठाचे दीडशे. ब्याऐंशी साली जेलीची परात निवृत्त झाली. शिक्षक संघटनेनं आपल्या कचेरीतलं सायक्लोस्टाइल मशीन दर दुसऱ्या रविवारी वापरायला दिलं. आता शाई काळी, पण लोक अजून ‘जांभळी पानं’च म्हणतात.

पंच्याऐंशीत शिक्षण खात्यानं प्रशिक्षण वर्गात बाईंचं एक तासाचं व्याख्यान ठेवलं. विषय होता ‘उपक्रमातून शिक्षण’. समोर नव्वद शिक्षक वह्या उघडून बसले होते. बाईंनी त्यांना चार-चारांत वाटलं, दोऱ्याची एकेक गुंडी दिली आणि आवारातल्या जुन्या वडाचा घेर मोजायला बाहेर काढलं. अट एकच, घेर कुठे मोजायचा ते त्यांनी ठरवायचं. अर्ध्या तासानं बावीस गटांची बावीस उत्तरं फळ्यावर आली आणि मोठा वाद झाला. कोणी पारंब्या धरल्या होत्या, कोणी नव्हत्या. अधिकारी घड्याळ पाहत होते.

“बाई, आता व्याख्यान?” त्यांनी विचारलं.

“चालू हाये ना,” बाई म्हणाल्या, आणि भांडणाऱ्या दोन गटांना पुन्हा दोरा घेऊन झाडाकडे पाठवलं.

आज सत्त्याऐंशीत बाई एकोणपन्नास वर्षांच्या आहेत. रोज कोराडीच्या बसनं शाळेत जातात. पानांची संख्या चारशेवर गेली आहे. कुही तालुक्याचे गठ्ठे वाटायचं काम माझ्याकडे आहे. गेल्या आठवड्यात नवं पान आलं : ‘तुमच्या गावात टीव्ही आला असेल. एक दिवस त्यावरच्या बातम्या ऐका आणि दुसऱ्या दिवशी त्यातली एक गोष्ट गावात दहा जणांना विचारा. किती जणांनी ती तशीच सांगितली?’

आम्ही मंगळवारी सुरुवात केली. दहापैकी सात जणांनी सात वेगळ्या बातम्या सांगितल्या. उरलेल्या तिघांची ‘तशीच’ म्हणायची की नाही यावर वर्गात दोन मतं झाली, म्हणून त्यांच्याकडे मुलं आत्ता पुन्हा गेली आहेत.