आधी, मग आणि अप्पुरम

इन्व्हर्टर, रेडिओचा ॲम्प्लिफायर, मुलीचं अभ्यासाचं टेबल... आणि यंदा जावास्क्रिप्टचा लोडर. सगळं या दोन हातांनी केलं, एकाही क्लासला न जाता.

आमचं बुकिंगचं सॉफ्टवेअर पायथॉनच्या फ्रेमवर्कवर चालतं. जावास्क्रिप्टची एकच अठराशे ओळींची फाइल होती, तिचे मी तुकडे केले. आता माझ्या लोडरची एक ओळ टेम्प्लेटमध्ये लिहिली की फोल्डरमधले सगळे तुकडे एबीसीडीच्या क्रमाने पानावर चढतात. नावंही त्या हिशोबाने दिली... adhi, mag, shevti.

परवा चेन्नईत पेरुंगुडीला एका कुरियर कंपनीत त्याचा डेमो होता. फॉर्म आला, पण पावती छापायचं बटण ढिम्म. ब्राउझरच्या कोपऱ्यात पिवळा त्रिकोण, मॅनेजरसाहेबांची नजर घड्याळावर... आणि माझे तीन महिने त्या बटणावर टांगलेले.

चढलेल्या फाइलींची यादी काढली. adhi नंतर लगेच appuram. फॉर्म mag मध्ये तयार होतो, म्हणजे फॉर्म यायच्या आधीच ही फाइल त्याचं बटण शोधत होती.

फाइल सोबत आलेल्या माझ्या सहकारी सरोजाची, आदल्या दिवशी जोडलेली. ती तंजावरच्या मराठी घरातली. तमिळमधला अप्पुरम, म्हणजे 'नंतर', तिच्या घरच्या मराठीत कधीचाच मुरलाय.

"सरोजा, मशीनला तमिळ येत नाही."

"मराठी येतं होय, राव?"

माझे तीन शब्द योगायोगाने ए, एम, एस असे ओळीत बसले होते... आणि मी त्याला डिझाइन म्हणत होतो.

नाव बदलून nantar केलं, बटण चाललं. साहेब खूश झाले. मला मात्र परतीच्या बसमध्ये जागा मिळूनही बसवेना... उद्या कुणी आणखी एक फाइल टाकली की पुन्हा तेच.

"प्रत्येक फाइलीनं वरच सांगावं की, मला आधी कोण पाहिजे ते," सरोजा खिडकीबाहेर बघत म्हणाली. लोडरनं ते वाचून क्रम लावायचा. इतकं सरळ, आणि मला सुचलं नव्हतं. तिचे आभार इथे जाहीर मानतो, तोंडावर जमले नाहीत.

तेच लिहितोय, दहा दिवस लागतील. आज सकाळी साहेबांचा फोन आला... थांबायला वेळ नाही, लोडर आहे तसाच आज बसवून द्या, दीड लाख देतो. मी नको म्हटलं.