धक्का आला

सोलापुरात माझं पाणी म्हणजे हंड्यातलं. आमच्या गल्लीची सहल कोकणात गेली, तेव्हा समुद्र पहिल्यांदाच पाहिला.

किनाऱ्याच्या कडेनं आम्हाला मोटरबोटीतनं फिरवणारा माणूस वयस्कर होता. किल्ला, दीपगृह, देऊळ तो बोटानं दाखवी, पण स्वतः तिकडे बघतही नसे. मी पदर आवळून बसले होते. सगळ्यांदेखत पडून हसं होऊ नये, एवढंच देवाकडे मागत होते.

तेवढ्यात तो ओरडला, "धक्का आला हो, धक्का!"

मी डोळे मिटून हाताला आलं ते घट्ट धरलं. बोट हलकेच थांबली. डोळे उघडले, तर माझ्या मुठीत त्याच्या सदऱ्याची बाही!

मुंबईत राहून आलेली माझी नणंद खिदळली. "अगं वैनी, धक्का म्हंजी बोटीतनं उतरायचा दगडी ओटा की! परक्या माणसाची बाही कशापायी धरलीस?"

सगळी बोट हसली. मला वाटलं, पडले असते तर बरं.

तो शांतपणे म्हणाला, "मीच सांगितलं वहिनींना. उतरताना बोट हलते, धरलेलं बरं."

इतकं मायेचं खोटं माझ्यासाठी कुणी बोललं नव्हतं. नणंदेनं मुकाट्यानं त्याची दुसरी बाही धरली.