खटक्याचे दात मी घासले

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते खटक्याचे दात ठोकायचं. बायको घण मारत होती, मी सांडशीत लोखंड धरून फिरवत होतो. त्या दातांचं खरं मी अजून कुणाला सांगितलेलं न्हाय — पोराला न्हाय, देवाला न्हाय. तिला सांगायची गरज नव्हती. तिला ठाऊकच होतं. तेच तर जड जातंय.

शेवटचं म्हणजे तिच्या मरणाआधीचं, असं समजू नका. त्यानंतर ती लई वर्षं जगली. माझ्या चुलीपुढं बसली, माझ्या भाकरी थापल्या. पण मिळून काही केलं — असं पुन्हा झालं न्हाय.

मी भूमचा लोहार. दुसरीतून शाळा सोडली, तेव्हा वेडंवाकडं लिहिलं तर चालवून घ्या.

रझाकारांची धामधूम सरून काही वर्षं झाली होती. आमच्याकडच्या एका मालकांनी भूम-परंडा रस्त्यावर सर्व्हिस मोटार घातली. मालक एकदा हैदराबादेहून विमानात बसलेले. विमानात माणसाच्या डोक्यावर सामान ठेवायची सोय असते, हे त्यांनी बाजारात इतक्यांदा सांगितलं होतं की दावणीची बैलंबी माना डोलवायची. तसंच आपल्या मोटारीत पाहिजे, म्हणाले. आणि आपला रस्ता खड्ड्यांचा, म्हणून वर दारंबी पाहिजेत. सुतारानं फडताळं केली. दारांचे खटके माझ्याकडं आले.

खटका म्हणजे काय — कमानीची, दाबली की परत उसळणारी पट्टी, तिच्या टोकाला दात. दार ढकललं की दात खाचेत जाऊन बसतो. पुरा बसला तर मोटार कलंडली तरी दार सुटायचं न्हाय. आणि अर्धाच बसला तर? तरी दार मिटलेलंच दिसतं. बघणाऱ्याला फरक कळत न्हाय. ज्यानं केला त्यालाच कळतो.

दात चांगले झाले होते. तिचा घण सरळ पडायचा, माझ्या बापानंबी तिचा हात वाखाणलेला. लागत होते तेवढे झाले, तर म्हणाली, "लोखंड तापलंच हाय, तर आणि तेवढेच ठोकू. एखादा मोडला तर?" जादाचे दात तिनं तेल लावून डब्यात ठेवले.

मोटारीच्या पूजेच्या आदल्या दिवशी मालक आले. दार लावून बघितलं. घट्ट होतं, जोर लावावा लागला. चार माणसं भोवती होती. मालक हसले. "काय मिस्त्री, दार लावायला पैलवान ठेवू का एक?" सगळे हसले. मीबी हसलो. मग सगळे गेल्यावर कानस घेऊन मोटारीत एकटाच बसलो आणि एकेक दात घासला. एका बोटानं दार लागलं पाहिजे — एवढंच डोक्यात.

ती माझी भाकरी घेऊन आली. खाचेत बोट घालून बघितलं. दार लावलं, खालून बुक्की मारली. दार उघडलं.

"लई घासले तुमी. वढ्यात मोटार आदळली की सुटतंय हे."

"तू घण मारायचं बघ."

"आत ऐरण ठिवून हलवून तरी बघा."

बघायला काय लागत होतं? घटकाभर वेळ. पण बाहेर चौकातली माणसं बघत होती, आणि बायकोच्या सांगण्यावरून मी ऐरण उचलून आणायची — मला ते जमलं न्हाय. खाली पडलेला लोखंडाचा भुसा तिनं पदरानं गोळा केला आणि गेली.

पूजा झाली, मोटार सुटली. परंड्याच्या अलीकडं एका ओढ्यात मोटार आदळली, दार उघडलं, पत्र्याची ट्रंक खाली आली. खाली आमच्याच गावची एक बाई बसलेली, मांडीवर तिची लेक. ट्रंकेचा कोपरा पोरीच्या डोळ्यात गेला. पोरगी जगली. डोळा गेला.

दुसऱ्या दिवशी मालक चौकात आले. मागं सगळं गाव. माझ्या दुकानापुढं उभं राहून म्हणाले, "मिस्त्री, दात आखूड कसा झाला?"

आता इथं मी थांबतोय. पाणी पिऊन आलो.

आमच्यात बायकोचं नाव घेत न्हाईत. मी कधीच घेतलं नव्हतं, चारचौघांत तर न्हायच. हाक मारायची तर 'अगं' म्हणायचं, लोकांत 'आमची मंडळी'. त्या दिवशी मी नाव घेतलं. म्हणलो —

"राहीनं ठोकलेत ते. बाईचा हात, घण कमी पडला."

एवढंच. दार आधी घट्ट होतं, हे मालकांना आठवलं न्हाय, का आठवायचं नव्हतं. पुढचं लोकांनीच केलं. कुणी म्हणालं, बाईच्या हातात घण दिल्यावर दुसरं काय व्हायचं. कुणी म्हणालं, मिस्त्री भोळा. ती दारात उभी होती. तोंड उघडलं असतं तर? मी दात घासल्याचा भुसा तिच्याजवळ होता. तिनं माझ्याकडं बघितलं, आणि आत गेली.

घरात आल्यावर एकच बोलली. "नाव तरी घ्यायचं न्हवतं."

घण तिनं पुन्हा धरला न्हाय. मी बोलावलं न्हाय. लोक फाळ घेऊन यायचे आणि विचारायचे, तिचा हात लागणार न्हाय ना? मी सांगायचो, न्हाय. ती पोरीची आई आडावर भेटली की शिव्या द्यायची. आमची मंडळी घागर खाली ठेवून उभी राहायची. शिव्या सरल्या की घागर उचलायची. मी दुकानातून ऐकायचो. आड काय लांब होता? दहा पावलं टाकून जायचं आणि म्हणायचं, बाई, मला दे त्या शिव्या. इतक्या वर्षांत एकदाबी पाय उचलला न्हाय.

आमची मंडळी यंदा पाडव्याच्या आधी गेली. ताप आला आणि गेली. मयतीला ती पोरीची आईबी आली होती, म्हातारी झालीय आता. बरोबर तीच लेक, एका डोळ्याची, बाप्या माणसागत खंबीर झालेली. म्हातारी मढ्याकडं बघून म्हणाली, "जा बाई, माफ केलं तुला."

तिला माफ केलं. मी तिथंच उभा होतो, हातात विस्तवाचं गाडगं धरून. तोंडात शब्द आलाबी होता. माणसं बघत होती. मी तिरडीच्या पुढं चालाय लागलो.

एक सांगायचं राहिलं. चौकातल्या त्या दिवसाच्या दुसऱ्या सकाळचं.

मी उठलो. ती चुलीपुढं होती. मी कोनाड्यातला डबा काढला — तिनं ठोकलेले जादाचे दात, कानस न लागलेले. तिनं डब्याचा आवाज ऐकला. मान वर केली न्हाय. मी मोटारीपाशी गेलो, घासलेले दात काढले, तिचे बसवले. ऐरण उचलून फडताळात ठेवली, दार लावलं आणि चौघांकडून मोटार हलवून घेतली. एकबी दार सुटलं न्हाय.

मालकांनी जोर लावून दार उघडलं, पुन्हा लावलं. माझ्या पाठीवर थाप मारली. "आता कसं घट्ट बसलंय. गड्याचा हात लागला की काम असं होतंय."

मी म्हणलो, व्हय मालक.