गण राहिला

दत्ताराम गेल्याचा फोन आला तेव्हा मी महाडच्या बाजारात भाजी घेत होतो. फोनवर त्याची बायको, सुमन. "भावोजी, हे गेले वो..." एवढंच म्हणाली आणि फोन तसाच चालू राहिला. मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. मी भाजीवालीपुढे पिशवी उघडी धरून उभा.

दत्ताराम म्हणजे आमच्या 'भिरभिरं' बँडचा आवाज. पोलादपूरच्या वर डोंगरात त्याची वाडी. मी महाडचा कीबोर्डवाला. जीन्स-गॉगल घालून आम्ही पॉप गाणी वाजवायचो, पण हा गडी बाल्या नाचात वाढलेला. त्या नाचात आधी गणपतीला आळवायचं, तो गण. मग बाकीचा धिंगाणा. "गिटार वाजवा नायतर पिपाणी, पयला गण झाला पायजे," हे त्याचं ठरलेलं. तो ओळ टाकायचा आणि आम्ही मागून झील धरायचो, म्हणजे तिचं शेपूट तेवढं उचलायचो. कॉलेजच्या गॅदरिंगला पोरं शिट्ट्या मारायची, "भजनीबुवा, आवरा!" म्हणून ओरडायची. हा डोळे मिटून गण पुरा करायचा, आणि मग त्याच पोरांना असा नाचवायचा की बस्स.

'घाटवळण' हा आमचा शेवटचा अल्बम. मुंबईच्या स्टुडिओत रेकॉर्डिस्ट घड्याळ दाखवत राहिला, तरी याने कॅसेटच्या सुरुवातीला गण घ्यायलाच लावला. पुढे कोणी नोकरीला लागलं, कोणी संसाराला. भांडण नाही, तंटा नाही, बँड आपोआप थांबला. दत्ताराम शेतीकडे परतला.

मागच्या वर्षी कॅसेट कंपनीने तो अल्बम पुन्हा काढला. आवाज स्वच्छ केलेला, वरचं चित्र नवं, मोबाईलवर ऐकायची सोय. मी हौसेने वाडीवर गेलो. तो तेव्हा अंथरुणाला खिळलेला. छातीचं दुखणं, आवाज पार बसलेला. मी अल्बम लावला. थेट पहिलं गाणंच सुरू झालं. त्याने हात वर केला.

"गण कुठं हाय रे?"

गण नव्हता. मी कंपनीला फोन केला. पलीकडचा मुलगा फार गोड बोलला. "सर, सुरुवातीलाच ठेका नाही लागला तर लोक पुढे जातात. म्हणून काढला." आणि मूळ टेप? तिला बुरशी आली होती. हवं तेवढं उतरवून घेतलं आणि ती टाकून दिली. माझ्या कॅसेटींचा पुरात चिखल झालेला. वाडीत एकाकडे एक सापडली, तर तिच्यावर लेकीच्या लग्नातल्या मंगलाष्टका भरलेल्या! संताप संताप झाला. पण ओरडणार कोणावर? दत्तारामला खरं ते सांगितलं. आढ्याकडे बघत तो म्हणाला, "मंग ती कॅसेट सुरूच नाय झाली म्हन की." नंतर त्याने स्वतःच गण म्हणायला तोंड उघडलं... खोकल्याने पुढे जाऊच दिलं नाही. मी त्याची पाठ चोळत बसलो, दुसरं काय करणार होतो?

गेल्या आठवड्यात त्याच्या आठवणीसाठी वाडीच्या देवळात जमलो. मुंबईला गेलेली बँडची मंडळीही आली होती. त्याच्या पुतण्याने स्पीकरवर 'घाटवळण' लावलं. पहिल्या गाण्याचा ठेका घुमला आणि सुमन उठून उभी राहिली.

"बंद कर रे ते. पयला गण होऊंदे."

पुतण्याने गाणं थांबवलं. आमच्या ढोलकीवाल्या बाळाने खुंटीवरची ढोलकी काढून मांडीवर घेतली, थाप मारली, आणि थांबला. आम्ही बँडवाले शेजारी शेजारी बसलो होतो, एकमेकांकडे बघत. झील आम्ही झोपेतही धरू. पण त्याची ओळ आमच्यापैकी कोणी कधी म्हटलीच नव्हती. बाळाने पुन्हा थाप मारली. सुमन खांबाला टेकून वाट बघत होती.